झाडावरचा कोळी निवडताना

मराठीत कोळी दोन. एक दर्यात जाळं टाकतो, दुसरा घराच्या कोपऱ्यात. दोघांचंही पोट जाळ्यावर, म्हणून दोघांना नाव एकच. पण आज मी ज्या कोळ्याविषयी बोलणार आहे, तो जाळं टाकून वाट पाहणाऱ्यांतला नाही. तो जुन्या झाडाच्या ढोलीत राहतो, ढोलीच्या तोंडाशी रेशमाचा पडदा विणतो आणि अंधार पडला की दारात येऊन बसतो. किडा जवळून गेला की झडप घालतो. पाय पसरले तर आपल्या पंजाएवढा होतो. अंगभर केस असतात. आणि वेग असा की तो इथे होता आणि आता तिथे आहे, एवढंच पाहणाऱ्याला कळतं. मधलं काही दिसत नाही. हा टॅरंटुला जातीचा कोळी. जगभरातले हौशी लोक तो काचेच्या पेटीत पाळतात, आणि त्यातल्या अनेकांच्या पेटीतला कोळी मूळचा आपल्या झाडांवरचा असतो.

मी कवितेत रमणारा माणूस. मराठी घेऊन बी.ए. झालो, प्राणिशास्त्राशी संबंध आला तो एवढाच, की आमच्या घरात कोळी मारायला बंदी होती. पैगंबरसाहेब मक्केहून निघाले तेव्हा सौरच्या गुहेच्या तोंडाशी कोळ्याने जाळं विणून त्यांचा माग लपवला, ही गोष्ट नानी सांगायची आणि आमच्या हातातली केरसुणी काढून घ्यायची. त्यामुळे घरात जळमटं पुष्कळ आणि कोळ्यांना अभय.

या विषयात मला ओढलं ते माझ्या भाच्याने. तो इंग्लंडमध्ये नोकरी करतो. चार वर्षांपासून त्याच्याकडे मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचा टॅरंटुला आहे. हा जमिनीवर राहणारा, संथ, दिवसेंदिवस दगडासारखा बसून राहणारा कोळी. आता त्याला झाडावरचा, चपळ आणि जास्त विषारी असा पहिला कोळी आणायचा होता. फोनवर म्हणाला, "मामू, तीन जाती मनात आहेत. त्यातल्या दोन इंडियातल्या आहेत." मला वाटलं, पोरगा थट्टा करतोय. थट्टा नव्हती. मग मी वाचायला बसलो, माहीतगारांना विचारत गेलो, आणि त्याच्याशी महिनाभर बोलत राहिलो. घरात त्याची बायको आणि सात वर्षांची मुलगी आहे. तेव्हा प्रश्न नुसत्या हौसेचा नव्हता.

आधी नावाचा घोळ सोडवू. टॅरंटुला हे नाव इटलीतल्या टारांटो गावावरून आलं. तिथल्या एका मध्यम आकाराच्या कोळ्याच्या चाव्यावर नाचणं हा उतारा, अशी समजूत होती. पुढे युरोपीय लोक अमेरिकेत गेले, तिथे मोठे केसाळ कोळी दिसले, आणि घरचं नाव त्यांना देऊन मोकळे झाले. आज टॅरंटुला म्हणतात तो त्या मोठ्या केसाळ कोळ्यांनाच. इटलीचा मूळ मानकरी बाजूलाच राहिला.

या कोळ्यांचे पाळणाऱ्यांच्या दृष्टीने दोन गट पडतात: नव्या जगाचे, म्हणजे अमेरिका खंडांतले, आणि जुन्या जगाचे, म्हणजे आशिया-आफ्रिकेतले. अमेरिकेतल्या बहुतेक टॅरंटुलांच्या पोटावर खाजरे केस असतात. शत्रू आला की ते मागच्या पायांनी हे केस उडवतात. आपल्याकडच्या खाजकुइलीसारखाच तो प्रकार. केस डोळ्यात गेले तर त्रास मोठा, पण हत्यार म्हणून ते हाताशी असल्याने हे कोळी चावायची घाई करत नाहीत आणि त्यांचं विषही सौम्य असतं. जुन्या जगातल्या कोळ्यांकडे हे केस नाहीत. त्यांच्याकडे दोनच गोष्टी आहेत, पळणं आणि चावणं. आणि झाडावर राहणाऱ्याला तर खाली, वर, मागे, फांदीच्या पोटाकडून, कुठूनही पळता येतं. जमिनीवरचा कोळी बिळात शिरतो, तो कुठे जाणार हे ठाऊक असतं. झाडावरचा मात्र चिमट्यावरून तुमच्या मनगटावर आणि मनगटावरून खांद्यावर जाऊ शकतो. तो काही हल्ला करत नसतो, त्याच्या दृष्टीने तुमचा हात ही एक फांदी असते.

म्हणून निवडीचा खरा प्रश्न रंगाचा नाही. पेटीचं झाकण उघडं आहे आणि कोळी अचानक धावला, तर हा माणूस काय करील? हात झटकणाऱ्याने ही जात आणू नये. हात जिथे आहे तिथेच ठेवून, कोळी थांबेपर्यंत थांबून, मग त्याच्यावर डबा उपडा ठेवणाऱ्यालाच ती झेपेल. भाच्याला मी हेच विचारलं. तो म्हणाला, "लाल गुडघेवाला कधी धावलाच नाही, तर मला कसं कळणार?" प्रामाणिक उत्तर होतं.

यावर जुन्या पाळणाऱ्यांनी एक पायऱ्यांची वाट घालून दिली आहे. पहिली पायरी म्हणजे दक्षिण अमेरिकेचा गुलाबी पंजांचा अविक्युलारिया. झाडावर राहतो, बुजतो, उडी मारतो, पण चावतो क्वचित आणि विषही हलकं. त्याची आवडती तऱ्हा वेगळीच आहे: मागची बाजू वळवून विष्ठेची पिचकारी मारतो, आणि नेमही बरा असतो! या कोळ्याला इतिहास आहे. मारिया सिबिला मेरियन ही चित्रकर्ती सुरिनामला गेली आणि १७०५ साली तिने तिथल्या किड्यांचं पुस्तक काढलं. त्यातल्या एका चित्रात असा कोळी हमिंगबर्ड खाताना दाखवला आहे. पुढच्या काळातल्या काही विद्वानांनी ती बाईची कल्पना म्हणून उडवून लावली. पण १७५८ साली लिनियसने या कोळ्याला नाव दिलं ते त्या पक्ष्यावरूनच, आणि मोठे कोळी अधूनमधून लहान पक्षी खातात हे नंतर इतरांनीही पाहिलं.

दुसरी पायरी त्रिनिदादचा सॅल्मोपियस कॅम्ब्रिजाय. हिरवट अंग, पायांच्या टोकांशी नारिंगी झाक. हा अमेरिकेचाच, पण याच्याजवळ खाजरे केस नाहीत. म्हणजे वागणं जुन्या जगाचं आणि विष त्या मानाने कमी. शिकाऊ माणसासाठी हाच खरा मास्तर. याच्या विषाची एक गोष्ट मला फार आवडली. २००६ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने दाखवलं, की या कोळ्याच्या विषातली काही द्रव्यं आपल्या शरीरातल्या नेमक्या त्याच दारावर थाप मारतात ज्यावर मिरचीचा तिखटपणा मारतो. मिरची आणि कोळी यांचा नात्यागोत्याचा काही संबंध नाही. पण खाणाऱ्याला पळवून लावायची युक्ती दोघांना एकच सुचली. मिरचीच्या त्या दाराचा शोध लावल्याबद्दल ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल मिळालं. ठेचा खाऊन ज्याच्या कानातून धूर निघाला आहे, त्याला हे संशोधन वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

तिसऱ्या पायरीवर भाच्याच्या यादीतले तिघे येतात. यातला एक पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो, घाना भागातला हेटेरोस्कोड्रा. खडूने रंगवल्यासारखा पांढुरका, मागचे पाय जाडजूड, विष जोरदार आणि स्वभाव तापट. त्याचा वेग अनुभवी माणसांनाही चकवतो. पहिला म्हणून तो नकोच, असं मी स्पष्ट सांगितलं. उरले दोन, ते पॉसिलोथेरिया कुळातले. हे नाव ग्रीक आहे, अर्थ साधारण 'ठिपकेदार श्वापद'. या कुळात पंधराच्या आसपास जाती आहेत आणि त्या जगात फक्त भारतात आणि श्रीलंकेत सापडतात. सिंहली लोक या कोळ्याला 'दिवि मकुळुवा' म्हणतात. दिवि म्हणजे बिबट्या. आपल्याकडे ढोलीतल्या पिंगळ्याला नाव आहे, घोरपडीला नाव आहे, पण या कोळ्याला सर्वांच्या तोंडी असलेलं मराठी नाव मला कुठे सापडलं नाही.

त्यातला पहिला पॉसिलोथेरिया मेटॅलिका, निळा. नुसता निळा नव्हे. नवं मोरपीस उन्हात धरावं तसा. हा निळा रंग रंगद्रव्याचा नाहीच. केसांच्या अतिसूक्ष्म रचनेवर प्रकाश पडून तो तसा दिसतो. १८९९ साली पोकॉक नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं. तो सापडला होता आंध्रातल्या गुत्ती इथे, रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत. त्यानंतर शंभर वर्षं त्याचा पत्ता नव्हता. २००१ साली तो पुन्हा सापडला, पण गुत्तीला नव्हे, तिथून सुमारे शंभर किलोमीटरवर, नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात. म्हणजे गुत्तीचा तो पहिला कोळी बहुधा लाकडाबरोबर गाडीत बसून आलेला प्रवासी होता. जगात या कोळ्याचं ज्ञात जंगल शंभर चौरस किलोमीटरहूनही कमी आहे, तिथे लाकूडतोड होते, आणि २००८ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला 'अत्यंत धोक्यात' या वर्गात टाकलं.

भाच्याचं मन या निळ्यावर होतं. कुणाचं नसणार? पण पाळणारे एकमुखाने सांगतात, की हा विलक्षण लाजरा आहे. दिवा लावला की सालीमागे जातो. विकत घेतलेली निळाई महिनोन्महिने दिसत नाही, आणि न दिसणारा चपळ कोळी हा नवख्यासाठी सगळ्यात वाईट. पेटी उघडताना तो कुठे आहे हेच ठाऊक नसतं.

दुसरा पॉसिलोथेरिया रेगॅलिस, म्हणजे राजेशाही. हा आपल्या पश्चिम घाटाचा, महाराष्ट्रातल्या जंगलांतही राहणारा. पाय पसरून पंधरा ते अठरा सेंटिमीटर. पाठीवर करडा, पांढरा, काळा असा नक्षीकाम केलेला पट्टा. दगडफुलाने भरलेल्या खोडावर बसला की डोळ्यांसमोर असून दिसत नाही. पण चिडला की पुढचे पाय उचलतो, आणि पायांच्या खालच्या बाजूचा हळदीसारखा पिवळाधमक रंग आणि त्यावरचे काळे पट्टे एकदम समोर येतात. सूचना स्वच्छ असते. ती वाचून झाकण लावणाऱ्याला सहसा काही होत नाही. हा निळ्याइतका लाजरा नाही, वाढतो झपाट्याने, खाण्यात खोड्या नाहीत, आणि युरोपात पाळलेल्या माद्यांची पिल्लं भरपूर मिळतात, त्यामुळे किंमतही बेताची. आपल्या कुळातला पहिला म्हणून अनुभवी लोक बहुधा याचंच नाव घेतात. माझंही मत तेच पडलं. मात्र सॅल्मोपियसबरोबर एक वर्ष काढल्यानंतर.

विकत घेताना काय पाहायचं? पहिली गोष्ट म्हणजे पेटीत जन्मलेलाच घ्यायचा. सायटिस, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर लक्ष ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात २०१९ साली पॉसिलोथेरियाचं अख्खं कुळ घेतलं गेलं. अमेरिकेने तर त्याआधी, २०१८ साली, श्रीलंकेतल्या पाच जातींना संकटग्रस्त म्हणून कायद्याचं संरक्षण दिलं. तेव्हा विक्रेत्याकडे पिल्लं कुठली, कुणाच्या मादीची, हे विचारायचं आणि लेखी घ्यायचं. जो उत्तर देताना घुटमळतो त्याच्याकडून घेऊ नये. जंगलातून पकडलेली मोठी मादी म्हणजे एका ढोलीचा संसार उठवणं. या कुळात पिल्लं बराच काळ आईजवळ एकाच ढोलीत राहतात, हे तर मला कोळ्यांत अपेक्षितच नव्हतं.

दुसरी गोष्ट वयाची. मोठी मादी दिसायला भारदस्त, पण नवख्याने तीन-चार सेंटिमीटरचं पिल्लू घ्यावं. त्याचा वेग कमी नसतो, पण विष कमी असतं, आणि कोळी मोठा होता होता मालकाचा हातही तयार होतो. नर की मादी हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. नर वयात आला की पुढे फार जगत नाही. सगळं मिळून दोन-चार वर्षांचा खेळ. मादी दहा-बारा वर्षं सोबत करते. लहानपणी बाहेरून ओळखणं कठीण, पण कोळी कात टाकतो तेव्हा ती ओली असताना उलगडून भिंगाखाली पाहिली तर मादीचा बीजकोश दिसतो.

पेटी रुंदीपेक्षा उंचीला जास्त हवी. मोठ्या कोळ्याला तीस सेंटिमीटर लांब-रुंद आणि पंचेचाळीस उंच पुष्कळ झाली. आत बुचाच्या सालीची नळी तिरकी उभी करायची, तीच त्याची ढोली. तळाशी चार बोटं नारळाचा भुसा, त्याचा एक कोपरा ओलसर, एक पाण्याची वाटी, आणि दोन्ही बाजूंनी हवा खेळती. दमट आणि कोंदट यांतला फरक ज्याला कळला त्याचा अर्धा कारभार झाला. कोंदट पेटीत कोळी मरतात. आठवड्याला एकदोन रातकिडे किंवा झुरळं. कात टाकायच्या वेळी अन्न द्यायचं नाही, कारण तेव्हा त्याचं अंग मऊ असतं आणि उरलेला रातकिडाच त्याला कुरतडू शकतो. पेटी अशी मांडायची, की सालीचं तोंड दाराकडे नसेल. दार उघडायचं ते दिवसा, हातभर लांबीचा चिमटा आणि पारदर्शक डबा जवळ घेऊन. पेटी बदलायची तर न्हाणीघरातल्या टबात बसून, भोकाला बूच लावून. हातावर घ्यायचा नाही. फोटोसाठीही नाही.

भाच्याची मुलगी फोनवर आली तेव्हा तिने विचारलं, "नानू, तो मला ओळखेल का?" मी म्हणालो, नाही. त्याला आठ डोळे आहेत, पण तो जगतो कंपनांवर. तुझी पावलं त्याला कळतील, तू कळणार नाहीस. ती जराशी हिरमुसली. पण मुलांना हे आधीच सांगितलेलं बरं. कुत्रा किंवा मांजर समजून कुणी कोळी पाळू नये. पेटीला कुलूप आणि किल्ली मोठ्यांकडे, हा नियम तिच्या आईने केला, आणि तो कुठल्याही पुस्तकापेक्षा शहाणा आहे.

आता चाव्याविषयी. टॅरंटुलाच्या विषाने माणूस मेल्याची खात्रीची नोंद नाही. हे वाक्य हौशी लोक फार लाडाने सांगतात आणि पुढचं गिळतात. पॉसिलोथेरियाचा चावा टॅरंटुलांमधल्या सर्वांत त्रासदायक चाव्यांपैकी आहे. २०१४ साली स्विस संशोधकांनी एक खात्रीचा चावा आणि आधीच्या नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा निम्म्याहून जास्त लोकांना स्नायूंत पेटके आल्याचं दिसलं. लबाडी अशी, की हे गोळे चावल्यानंतर लगेच येतीलच असं नाही. आधी नुसती वेदना आणि सूज, मग कित्येक तासांनी पायांत, पाठीत, छातीतही पेटके. काहींना ते पुढे कित्येक दिवस परत परत येतात. उतारा म्हणून लस नाही. डॉक्टर वेदना आणि पेटके कमी करण्याची औषधं देतात आणि लक्ष ठेवतात. मोठा माणूस हे सोसेल; लहान मूल, म्हातारं माणूस किंवा हृदयाचं दुखणं असलेला घरात असेल तर हिशेब बदलतो. इंग्लंडमध्ये घातक प्राणी पाळण्यावर १९७६ चा कायदा आहे, परवाना लागतो, पण टॅरंटुला त्याच्या यादीत नाहीत. भाचा म्हणाला, म्हणजे सरकारच्या मते चालतं. मी म्हटलं, सरकारच्या घरात सात वर्षांची मुलगी नाही.

शेवटी त्याने सॅल्मोपियसचं पिल्लू आणलं. रेगॅलिस पुढच्या वर्षी बघू म्हणतो. निळ्याचा फोटो भिंतीवर लावला आहे, आणि तो दिवसाही दिसतो.

हे ऐकून इथे कुणाला सह्याद्रीतला रेगॅलिस घरी आणावा असं वाटलं, तर सांगून ठेवतो: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आहे, आणि सायटिसच्या यादीतला जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंद करणं त्यात बंधनकारक केलं आहे. जंगलातून उचलून आणण्याची तर गोष्टच नको. ढोल्या असलेली जुनी झाडं आपण आधीच कमी केली आहेत. पोकळ झालेलं झाड आपल्याला मेलेलं वाटतं आणि कुऱ्हाड प्रथम त्यावरच पडते.

उलट प्रसंग मात्र जंगलालगतच्या गावांत येऊ शकतो. वयात आलेले नर मादीच्या शोधात ढोली सोडून हिंडतात, आणि रात्री एखादा तुमच्या भिंतीवरही दिसू शकेल. तेव्हा चप्पल उचलू नका. मोठ्या तोंडाची बरणी हळूच त्याच्यावर उपडी ठेवा, भिंत आणि बरणी यांच्यामध्ये जाड पुठ्ठा सरकवा, आणि तसंच धरून जवळच्या जुन्या झाडापाशी न्या. बरणी खोडाला टेकवून आडवी धरा, पुठ्ठा काढा आणि दोन पावलं मागे या. हिंमत होत नसेल तर दिवा मालवून दार उघडं ठेवा, लेकराबाळांना दुसऱ्या खोलीत घ्या आणि गावातल्या सर्पमित्राला हाक मारा. तो येईपर्यंत कोळी बहुधा निघून गेलेला असेल.